धडधाकट माणसांची खुर्ची

चाकं आहेत, पाय नाहीत. तोंड मात्र आहे आणि आज ते मी उघडणार आहे. मी व्हीलचेअर, नंबर चौदा. ओहायोतल्या तळ्याकाठच्या एका जुन्या अम्युझमेंट पार्कात भाड्याने फिरते.

कारखान्यात माझे नट आवळणारी बाई म्हणाली होती, "जा बाई, कुणाचे तरी पाय हो." केवढा अभिमान वाटला होता मला! इथे आठवड्याभरात तो उतरला. इथला नियम असा, की खुर्चीवरच्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना रांग नाही. खुर्चीबरोबर मिळालेला पास दाखवायचा आणि बाजूच्या फाटकातून थेट आत. झालं! वाहनतळावर टणाटण उड्या मारणारे लोक माझ्यावर बसले की कण्हायला लागतात. मला तर किळस येते त्यांची. अहो, खरोखर पाय गेलेला माणूस दहा वाजता आला, तर आम्ही सगळ्या खुर्च्या या ढोंग्यांच्या बुडाखाली गेलेल्या असतो.

जुलैतल्या एका शनिवारी डीट्रिक कुटुंब आलं. टॉड, त्याची बायको मेलिसा, दोन मुली आणि टॉडची आई व्हर्ना. व्हर्नाबाई बहात्तरच्या. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने काढलेली बाई, पाय खणखणीत.

"मी नाही बसायची," त्या म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"

"मुलींसाठी बस ना गं, आई," टॉड म्हणाला. "दीड-दीड तास उन्हात उभ्या राहणार का त्या? आणि तुझं ते लाकडी रोलर कोस्टरही पटकन होईल."

तिथे बाई विरघळल्या. सतरा वर्षांच्या असताना त्या तीनदा त्या कोस्टरच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि तिन्ही वेळा भिऊन मागे फिरल्या होत्या. या उन्हाळ्यानंतर ते पाडणार होते. एकदा तरी त्यात बसायचं म्हणून तर त्या आल्या होत्या. बसल्या बिचाऱ्या माझ्यावर, मान खाली घालून.

सकाळभर टॉडने मला मिरवलं. लोक उन्हात भाजताहेत आणि हा बाब्या "जरा वाट द्या, पेशंट आहे" करत पुढे!

दुपारी लाकडी कोस्टरपाशी आलो. फाटकावर ओकली नावाचे गृहस्थ होते, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले.

"काकू, गाडी वर अडकली तर शंभर पायऱ्या आपल्या आपण उतराव्या लागतात. चालता येतं ना?"

व्हर्नाबाई बोलणार, तेवढ्यात टॉड म्हणाला, "छे हो! एक पाऊल टाकवत नाही तिला."

"मग त्यांना नाही सोडता येणार. तुम्ही जा."

खरं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण सांगितलं असतं तर पास गेला असता. टॉडने आईकडे पाहिलं, मग पासकडे पाहिलं. "आई, तू सावलीत थांब हं. आम्ही आलोच." आणि गेले की चौघं! थू तुमच्या जिनगानीवर!

वरून नातींच्या किंकाळ्या ऐकू आल्या, तशा व्हर्नाबाई उठल्या. ओकलींच्या समोरून ताठ चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

बाहेर येताच टॉड मला ढकलत धावला. "आई, बस आधी! ते बघतायत!"

"बघू देत."

"अगं, पास काढून घेतील!"

"घेऊ देत. तुझ्या पासापायी मी लंगडी झाले होते, आता बास."

ओकलींनी हात पुढे केला आणि पास घेतला.

"निदान मुलींचा तरी विचार करायचात," मेलिसा फणकारली.

"त्यांचाच करतेय. या गं पोरींनो, माझ्यामागे उभ्या राहा."

धाकटी आली. थोरली आईकडे बघत राहिली, मग तीही आली.

पावणेदोन तासांनी व्हर्नाबाई खाली उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि हसू तर आवरत नव्हतं. टॉडने मला पुढे सरकवलं. "आता तरी बस."

"तूच बस, दमलायस," त्या म्हणाल्या आणि नातींना घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटाकडे चालू लागल्या.

आणि तो निर्लज्ज खरंच बसला हो माझ्यावर!

उद्या सकाळी मी काउंटरवरच असेन. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांनी लवकर या. मी तुमचीच आहे, हात जोडून सांगते. बाकीच्यांनो, ती बघा रांग. शेवट तिकडे आहे.