हरलेल्यांची पोतित्सा

त्या मंगळवारी आंगेला झुपांचिचने सकाळी पोतित्सा लाटायला घेतली तेव्हाच लेकीला सांगून टाकलं, "दोनच करतेय. आज सभेत हरणारे दोघंच असतील."

बर्निसने टेबलावरच्या चादरीचं टोक ताणून धरलं. पोतित्साला त्यांच्या डेपो कॅफेतलं सगळ्यात लांब टेबल लागायचं. त्यावर फुलाफुलांची चादर अंथरायची आणि कणीक इतकी पातळ ओढायची की खालची फुलं मोजता यावीत. मग अक्रोड, मध, साय पसरून गुंडाळी करायची आणि भट्टीत सारायची. गावात खाणकामाला आलेल्या स्लोव्हेनियन घरांत लग्न असो, मयत असो, पोतित्सा असायचीच. नगरपालिकेच्या सभेनंतर ती वाढायची पद्धत मात्र आंगेलाच्या नवऱ्याने आणली.

लुडविग झुपांचिच, म्हणजे गावाचा लुडी, एकतीस वर्षं हे हॉटेल आणि नगरसेवकपद दोन्ही एकाच एप्रनमध्ये चालवत होता. पहाटे पाचला खाणीतले लोक अंडी खायला यायचे आणि अंड्यांबरोबर तक्रारीही वाढायचे. कुणाच्या दारातला बर्फ उचलला नाही, कुणाचा नळ गोठला. लुडी तव्यापाशी उभ्याउभ्या ऐकायचा आणि दुपारी स्वतः जाऊन बघायचा. एकदाच तो बायकोच्या हट्टापायी फ्लोरिडाला गेला आणि चौथ्या दिवशी परतला. "तिथे मला कुणी शिव्याच देईना, करमेना," म्हणाला.

त्याने एक रीत पाडली होती. सभा संपली की पाचही नगरसेवकांनी रस्ता ओलांडून डेपोत यायचं, आणि मतदानात जो हरला असेल त्याला जिंकणाऱ्याने स्वतःच्या हाताने पोतित्साचा काप वाढायचा. फुकट. "हरलेला माणूस उपाशी घरी गेला की रात्रभर बायकोचं डोकं खातो, आणि सकाळी अर्धं गाव आपल्याशी अबोला धरतं," हे लुडीचं म्हणणं. सगळ्यात जास्त काप रेइनो लाहतीने खाल्ले. हा फिनिश म्हातारा लुडीच्या प्रत्येक ठरावाला आडवा जायचा. त्याचं सुटलेलं पोट ही माझीच कामगिरी आहे, असं लुडी चारचौघांत सांगायचा.

जानेवारीत लुडी गेला. निवडणूक होईपर्यंत त्याच्या जागेवर बर्निसला नेमलं. आणि तिच्या पहिल्याच सभेत ठराव आला, तोही रेइनोचा: गावातल्या आइस हॉकीच्या बर्फाळ मैदानाला, म्हणजे रिंकला, लुडविग झुपांचिचचं नाव द्यावं.

रिंकवर छप्पर आलं ते लुडीमुळे, यात वादच नव्हता. पण याच लुडीने नाव देण्याचा प्रत्येक ठराव हाणून पाडला होता. खाणीच्या मॅनेजरचं नाव नको म्हणाला, पाद्रीबाबांचं नको म्हणाला, शहरात जाऊन मोठ्या झालेल्या खेळाडूचंही नको. "पाटी लागली की रिंक त्या घराण्याची होते. बाकीच्यांची पोरं काय पाहुणी म्हणून खेळणार?" असं त्याने भर सभेत विचारलं होतं. तेव्हा पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी बर्निसच होती.

"आई, बाबांना हे चाललं असतं का?" कणकेच्या कडा ओढता ओढता तिने विचारलं.

"त्यांना विचारतंय कोण? त्यांचं झालं. आता मी आहे." आंगेलाने अक्रोडाचं भांडं आदळलं. "हॉटेलवर त्यांचं नाव नाही, रस्त्यावर नाही. थडग्यावर आहे, तर ते एप्रिलपर्यंत बर्फाखाली. मी जाऊन काय वाचू?"

हे उत्तर बर्निसने कुठल्याच सभेत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सातला सभागृह भरलं होतं. आंगेला चर्चला घालायच्या कोटात पहिल्या रांगेत. रेइनो उठला, घसा खाकरला. "मी त्याच्याशी एकतीस वर्षं भांडलो. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही भांडायला. नाव द्या." एवढं बोलून तो बसला आणि रुमालात नाक शिंकरत राहिला. मतं सुरू झाली. दोन ठरावाच्या बाजूने, दोन विरुद्ध. सगळ्यांच्या माना बर्निसकडे वळल्या.

नगराध्यक्षीण बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तू तटस्थ राहिलीस तरी चालेल, बर्नी. कुणी नावं ठेवणार नाही."

खरंच होतं ते. समसमान मतांवर ठराव आपोआप पडला असता, आणि आईसमोर उभं राहायला तिला तोंड उरलं असतं. पण त्या खुर्चीवर बसून बाबा कधी गप्प राहिले नव्हते. तिने आईकडे बघितलं. मुद्दामच बघितलं, कारण नजर चुकवून बोलणं तिला जमणार नव्हतं.

"विरुद्ध," ती म्हणाली. "रिंक सगळ्यांची आहे, सगळ्यांचीच राहू दे. आणि तिथल्या मागच्या पायऱ्यांना कठडा नाही. बाबा तीन वर्षं मागत होते. तो ठराव मी आत्ताच मांडते."

कठड्याचा ठराव एकमताने झाला. तोवर आंगेलाची खुर्ची रिकामी होती.

डेपोत सगळे आले तेव्हा ती लुडीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी कोट न काढता बसली होती. समोर सकाळच्या दोन पोतित्सा. कुणी खुर्ची ओढेना. बर्निसने सुरी घेतली, काप कापला, बशीत घातला आणि आईपुढे ठेवला.

"एकतीस वर्षं मी लाटली," आंगेला बशीकडे बघत म्हणाली. "एकदाही हरल्याची म्हणून खाल्ली नाही." तिने घास घेतला, बराच वेळ चावला. "मध कमी पडलाय. आणि काप काय कापलायस हा! तुझे बाबा याच्या दुप्पट द्यायचे. रेइनो, तू उभा काय राहिलास? तूही हरलायस, बस."

रेइनो खुर्ची ओढून बसला. बर्निसने त्याला आणि त्याच्या बाजूने मत देणाऱ्याला चांगले जाडजूड काप वाढले, आईच्या बशीत आणखी एक टाकला.

दोन्ही काप संपवून आंगेला उठली. रोजचे पदार्थ लिहायच्या फळ्यापाशी गेली, मटारचं सूप बाहीने पुसून टाकलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: लुडीची पोतित्सा. हरलेल्यांना फुकट.

"आई, नाव द्यायचं नाही असं आत्ताच ठरलंय," बर्निस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"ते तुमच्या सभेत," आंगेला खडू झटकत म्हणाली. "हे माझं हॉटेल आहे."