डबीला न दिसलेला ताप

"हिरवा दिवा. मलेरिया नाही," हरिओम म्हणाला.

महामायाताईंनी शिवकांताच्या बोटावर कापूस दाबून धरला होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि अंगावर दोन चादरी घेऊन ती पोर दात वाजेस्तोवर कुडकुडत होती. तिला पाचवा महिना होता.

"म्हंजी काळजीचं न्हाई ना?" सासूनं, नागुबाईनं विचारलं.

"मशीन तर न्हाई म्हणून राहिली," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. सासू-सुना जीपनं बोरदरीला परतल्या.

माहूरच्या डोंगरापलीकडच्या या आरोग्य केंद्रात ताई सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा वाचत होत्या. हरिओम तीन आठवड्यांपूर्वी नांदेडच्या प्रयोगशाळेतून मलेरिया तपासायच्या नव्या डब्या घेऊन आला होता. रक्ताचा एक थेंब, दहा मिनिटं. मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन सापडलं की दिवा लाल, नाहीतर हिरवा. चार वर्षं त्यानं त्यात घातली होती. हदगावकडच्या त्याच्या गावी थोरली बहीण रिपोर्टची वाट बघता बघता गेली, हे त्यानं ताईंच्या डब्यातली भाकरी खाताना एकदा सांगितलं होतं.

डब्यांची चाचणी अजून चालू होती, म्हणून डबीबरोबर काचही करायची असा नियम होता. पण तापाच्या दिवसांत काचांचा ढीग साठे. डबी हिरवी आली की ती काच ताई मागं ठेवत. आज मात्र त्या पोरीचं कुडकुडणं डोळ्यांपुढून हलेना. जेवण बाजूला सारून त्यांनी तिची काच लावली.

जंतूची एक बारीक अंगठी दिसली. मग दोन. काच सरकवावी तिथं अंगठ्याच अंगठ्या. मेंदूवर जाणारा मलेरिया. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हरिओम, हिकडं ये."

तो वाकला. "रंगाचे डाग असतील, ताई."

"सव्वीस वर्षं मी डागच वाचून राहिले का रे?"

शिवकांताच्या बोटातून बारीक नळीत घेतलेलं थोडं रक्त उरलं होतं, त्यावर त्यानं दुसरी डबी लावली. हिरवा. तिसरी लावली. तीही हिरवी. त्याचा चेहरा उतरला.

"काही जंतू ते प्रथिन बनवतच नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "वाचलं होतं मी. पण इथं, आपल्याकडं..."

ताई तोवर रुग्णवाहिकेकडे निघाल्या होत्या.

बोरदरीत शिवकांता ओसरीवर निपचित पडली होती. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. "दुपारपासून झोपली," नागुबाई म्हणाली. "मलेरिया न्हाई म्हणलाव तुमी. म्हून म्या उठवली न्हाई."

ताईंनी शिवकांताच्या खांद्यांखाली हात घातले.

वाटेतच इंजेक्शन सुरू करून तिला नांदेडला हलवलं. चौथ्या दिवशी ती गेली. पोटातलंही गेलं.

त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, ताईंनी मागं ठेवलेल्या बोरदरीच्या सतरा काचा काढल्या. नऊ काचांत अंगठ्या होत्या. हरिओम नावं लिहून घेत होता. पाचव्या नावाला त्याचा हात थांबला.

"ही माणसं आत्ता कुठं असतील?"

"रानात. सोयाबीन काढून राहिली असतील," ताई म्हणाल्या. "काचा मी मागं ठेवल्या. लिही पुढं."

त्यानं नांदेडच्या प्रयोगशाळेत फोन लावला. आधी खात्री कर, चाचणी थांबवू नको, असं साहेबांनी सांगितलं. हरिओमनं फोन ठेवला आणि उरलेल्या डब्या खोक्यात भरून वर चिकटपट्टी मारली. त्या दिवशी बांधाबांधानं फिरून त्यांनी आठ जणांना औषध दिलं. नववा बोरदरीत नव्हता. तापातच तो कामाला परगावी गेला होता. कुठं, ते घरच्यांनाही धड सांगता येईना.

शिवकांताच्या तिसऱ्यानंतर सकाळी केंद्राच्या दारात बोरदरीची पन्नासेक माणसं येऊन उभी राहिली. सगळ्यात पुढं नागुबाई होती. आता ही शिव्या देणार, म्हणून ताई उठून उभ्या राहिल्या.

"गावातला ताप हटून न्हाई राहिला," नागुबाई म्हणाली. "समद्यांचं बघा. काचंवर बघा."

आणि तिनं आपलं बोट पुढं केलं. खुरप्यानं घट्टे पडलेल्या त्या बोटात सुई शिरेना. दोनदा टोचूनही रक्त आलं नाही.

"जोरानं टोचा, ताई," नागुबाई म्हणाली. "मला कळत न्हाई."