एका पायाची विजार

मी एका पायाची विजार बोलतेय. हसा, हसा! वाडीतली सगळी पोरंठोरं हसायची, तुम्ही कोण मोठे लागून गेलात? सरकारी कागदावर माझं नाव 'वातदर्शक' असं भारदस्त होतं. पण त्या नावानं मला कुणी एकदाही हाक मारली नाही.

माझा जन्म त्रेचाळीस सालचा, नगरातला, दिलावर चौकीदाराच्या घरचा. लढाई चालू होती. शहराबाहेरच्या माळावर लष्करानं घाईघाईत मुरूम दाबून विमानं उतरवायला पट्टी केली होती आणि दिलावर तिथं राखणीला होता. साहेबानं त्याच्या हातात जाड पांढरं कापड आणि एक चित्र दिलं, 'शिवून आण' म्हणून. त्याची बायको शमशाद हातमशिनीवर बसली. एक लांबलचक नळी शिवून झाली आणि ती थांबली.

"दुसरा पाय कुठाय?"

"दुसरा न्हाई. एकच हाय."

"या अल्ला! साहेबाचा पाय लढाईत गेला व्हय?"

दिलावरनं तिला परोपरीनं सांगितलं, की ही अंगात घालायची नसून वारा बघायची वस्तू आहे. शमशादला काही ते पटलं नाही. तिनं कमरेला नाडा ओवायची जागा ठेवलीच. पुढे त्याच जागेत लोखंडी कडं बसलं आणि मी पट्टीच्या कडेला खांबावर चढले.

माझं काम म्हणाल तर अगदी सोपं. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करायचं, पोट भरून घ्यायचं आणि शेपटी वारा जातो तिकडे सोडायची. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं, म्हणून वरचा माणूस आधी मला बघतो. केवढा मान! पण विमान यायचं आठवड्यातून एखादं. बाकीचे दिवस माझ्याकडे माळाशेजारच्या वाडीतल्या बायाच बघायच्या आणि हळहळायच्या. कापड रेशनवर मिळायचे दिवस ते. "चांगली चार झबली झाली असती गं," असं म्हणत त्या माझ्या पोटावर डोळा ठेवून उभ्या राहायच्या. माझ्या अंगावर काटा यायचा.

त्यांच्यातली एकच बाई माझ्याकडे कामासाठी बघायची. मुक्ताबाई. पट्टीच्या दक्षिणेला, तारेच्या कुंपणाला लागून, वाडीचं खळं होतं. ज्वारीची मळणी झाली, की मुक्ताबाई तिवईवर चढायची, पाटी डोक्याच्या वर धरायची आणि वाऱ्याची वाट बघायची. वारा आला की पाटी ओतायची. दाणे पायाशी पडायचे, भुसकट उडून जायचं. तिच्यासारखी उफणणी करणारी चार गावांत नव्हती. पूर्वी ती वारा कळायला चिमूटभर माती उडवून बघायची. मी आल्यावर तिनं मान वर करायची सवय लावून घेतली.

"काय गं इजारे, येतोय का?" ती खालून विचारायची.

मी पोट फुगवून हो म्हणायची. लष्कराची वस्तू मी, आणि काम करत होते मुक्ताबाईचं. साहेबाला याचा पत्ता नव्हता, आणि दिलावरला होता, पण तो बोलला नाही.

लढाई संपली. साहेब गेले. पट्टीवर शेळ्या चरू लागल्या. सत्तेचाळीसच्या दिवाळीला, मी जिच्यावर वळायची ती खांबाची खीळ, दोन पावसाळे तेल न मिळाल्यानं, गंजत आली होती. एके दिवशी उत्तरेचा गार वारा सुटला, मी हौसेनं तिकडे तोंड केलं, आणि राहिले ती राहिलेच! दुसऱ्या दिवशी वारा पूर्वेचा आला. मी वळायला गेले. कडं करकरलं, खीळ हलेना. वारा कुशीवर आपटून निघून गेला आणि मी उपाशी लोंबत राहिले.

मुक्ताबाईला ते लगेच कळलं.

"दिलावरभाऊ, तुमची इजार मेलीया बगा."

"मेली न्हाई, मुक्ताक्का. अडाकलीया. थेंबभर तेल पायजे."

आता थेंबभर तेल म्हणजे काय मोठी गोष्ट? पण ऐका. तोवर पट्टीचे मालक दोन झाले होते. लष्करालाही ती हवी होती आणि पुढेमागे प्रवासी विमानं सुरू करायची म्हणून मुलकी खात्यालाही हवी होती. दोघांनी मिळून वापरायची असं ठरलं होतं, पण कुणाचं काय हे ठरायचं होतं. दिलावरनं लष्कराला अर्ज केला. उत्तर आलं, की वारा मुलकी खात्याकडे. मुलकीला अर्ज केला. उत्तर आलं, की खांब लष्कराचा. माझ्यापर्यंत पोचेल अशी एकच शिडी होती, ती कोठीत कुलपात होती आणि किल्ली पुण्याला गेली होती. बैलगाडी लावून चढावं, तर कुंपणाच्या आत बाहेरची गाडी आणायला मनाई. दिलावर खाली बिडी ओढत म्हणायचा, "शिडी त्यांची, वारा यांचा, आन् तेल कुनाचंच न्हाई."

अशात अठ्ठेचाळीसच्या गुढीपाडव्याला राधाकृष्ण नावाचा कारकून आला. बगलेत नवीकोरी वही. दोन्ही खात्यांनी मिळून या माळाचा वीस वर्षांचा आराखडा करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी वर्षभराच्या वाऱ्याची नोंद हवी होती. वारा ज्या रेषेत वाहतो त्या रेषेत नवी लांब धावपट्टी होणार होती. रोज तीन वेळा मला बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम.

माणूस कष्टाळू हो! ताप असला तरी यायचा. सकाळी आठ वाजता, उत्तर. दुपारी बारा वाजता, उत्तर. संध्याकाळी पाच वाजता, उत्तर. आषाढात पश्चिमेचा असा वारा सुटला, की त्याच्या खोलीचे दोन पत्रे पूर्वेला जाऊन पडले. त्याची टोपी उडाली. तो टोपीमागं पूर्वेकडे पळाला, धापा टाकत परत आला, टोपी झटकून डोक्यावर घातली, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं, 'उत्तर'.

मी वरून ओरडत होते, अरे बाबा, माझ्याकडे बघू नकोस, टोपीकडे बघ! पण माणसांची ही खोडच आहे. गालाला वारा लागत असतो, आणि हे बघणार खांबाकडे.

खरं सांगते, त्या वर्षी मला लाज वाटत होती. खोटं तो लिहीत नव्हता. खोटं मी सांगत होते. उफणणीच्या दिवसांत मुक्ताबाई पुन्हा माती उडवून वारा बघायला लागली. माझ्याकडे मान वर करून बघेनाशी झाली, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

एकोणपन्नासच्या होळीआधी चार दिवस साहेब लोक आले. लष्कराकडून एक मेजर आणि मुलकी खात्याकडून इंजिनियर आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी वही चाळली आणि खूश झाले.

"राधाकृष्ण, इतका शिस्तीचा वारा मी उभ्या हिंदुस्थानात पाहिला नाही."

नकाशा पसरला. लाल रंग लष्कराचा, पिवळा मुलकी, हिरवा सामाईक. एकोणसत्तर सालापर्यंतची सगळी सोय त्यात होती. रोजचे चाळीस प्रवासी, त्यांना बसायला निवारा, चहाचं दुकान, आणि नळ कुणाच्या हद्दीत यावर अर्धा तास वाद. त्या दिवशी पट्टीवर प्रवासी म्हणाल तर तीन शेळ्या होत्या. आणि नकाशाच्या मधून उत्तर-दक्षिण अशी एक जाड रेघ, नवी धावपट्टी. ती जुन्या पट्टीला कापून सरळ दक्षिणेला उतरत होती आणि खळ्याच्या छाताडावरून जात होती. गड्यांनी चुना टाकून रेघ जमिनीवरही ओढली. चुना मुक्ताबाईच्या राशीपर्यंत आला.

ती पदर खोचून कुंपणाशी आली.

"सायेब, हे काय?"

"बाई, इथून विमानं जाणार. खळं दुसरीकडे करा."

"कुटं करू? सारं रान काळं हाय. काळ्यात खळं धरत न्हाई, भेगा पडत्यात, दाना भेगंत जातो. वाडीत कडक जागा ही येवढीच हाय. साठ घरांची ज्वारी इथं येती."

आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पण वारा उत्तरेचा आहे ना, बाई. आमच्या हातात काय आहे?"

"उत्तरेचा?" मुक्ताबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "कोन म्हनलं?"

"वर्षभराची नोंद आहे," राधाकृष्ण वही पुढे करत म्हणाला.

"अवो, हातच्या काकनाला आरसा कशाला? तीस वर्सं मी हितं उभी ऱ्हाते. दुपारचा वारा मावळतीकडनं येतोय."

राधाकृष्णनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वर बघितलं. माझं तोंड उत्तरेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

उन्हं तापली होती. खळ्याच्या पूर्वेला एक बाभूळ होती, तिच्या सावलीत साहेबांसाठी टेबल मांडलं, नकाशा मांडला, चहा आला. मुक्ताबाई तिवईवर चढली आणि तिथून ओरडली.

"सायेब, तितं बसू नगा! भुसकाट अंगावर यील!"

"येत नाही," राधाकृष्णनं तिला समजावलं. "वारा उत्तरेचा आहे, भुसकट दक्षिणेला जाईल."

मुक्ताबाईनं दिलावरकडे बघितलं. दिलावर टेबलापासून आपणहून वीस पावलं बाजूला सरकला. मग मुक्ताबाई पाटी डोक्याच्या वर धरून थांबली. मीही श्वास धरून थांबले. वळता येत नव्हतं, पण बघता तर येत होतं!

मावळतीकडून वारा आला, आणि तिनं पाटी ओतली.

काय सांगू तुम्हाला! दाणे टपटप पायाशी, आणि सगळं भुसकट उठलं ते थेट बाभळीखाली. चहात भुसकट, मेजरच्या मिशीत भुसकट, आप्पासाहेबांच्या चष्म्यावर भुसकट. नकाशावरचे लाल, पिवळा, हिरवा सगळे रंग एकाच जातीचे होऊन गेले. राधाकृष्णची टोपी उडाली, पूर्वेकडे. आणि तो दुरून, सवयीनं, माझ्याकडे बघायला लागला.

"अहो, तिकडे काय बघता!" आप्पासाहेब ओरडले. मग त्यांनीच वर बघितलं. हातातल्या रुमालाकडे बघितलं, तो पूर्वेला फडफडत होता. परत माझ्याकडे बघितलं. "दिलावर, हे वळत का नाही?"

दिलावर याच प्रश्नाची दीड वर्ष वाट बघत होता. खिशात दोन्ही खात्यांची उत्तरं घडी करून ठेवलेली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. मेजर आणि आप्पासाहेब यांनी ती वाचली आणि दोघंही एकमेकांकडे बघेनात.

मग मेजर उठले. "फाटक उघडा. कुणाची गाडी आहे तिकडे?"

गाडी वाडीचीच होती. बैल सोडून माणसांनी ती ढकलत खांबाशी आणली. गाडीवर मुक्ताबाईची तिवई, तिवईवर दिलावर, आणि दिलावरच्या हातात मुक्ताबाईच्या घरातली करडईच्या तेलाची वाटी. दोन्ही खात्यांचे साहेब तिवईचे पाय धरून उभे. असा सामाईक कारभार त्या माळावर पहिल्यांदाच झाला.

तेल खिळीत उतरलं. कडं करकरलं. आणि मी वळले! दीड वर्षानं वारा माझ्या पोटात शिरला. मला रडू येत होतं आणि हसूही. शेपटी पूर्वेला ताठ झाली.

खालून मुक्ताबाईनं मान वर केली. "आता बोलली बग माजी बाय," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी नकाशा झटकला, खिशातून खोडरबर काढलं. नवी रेघ जुन्या पट्टीच्याच रेषेत, पश्चिमेच्या खडकाळ माळावर वाढवली. तिथं शेळ्यांखेरीज कुणाचं काही नव्हतं. जुनी रेघ ते पुसत होते तेव्हा मुक्ताबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होती.

"नीट पुसा, सायेब. खळ्यापास्नं पुसा."

त्यांनी खळ्यापासून पुसली. आणि राधाकृष्णला पुन्हा एक वर्ष नोंद करायला सांगितलं, या वेळी टोपी हातात धरून.

ते नवं वर्ष माझ्या नशिबी नव्हतं. आराखडा मंजूर होताहोता पट्टीवर माझ्या जागी नवी विजार आली. एक नाही, दोन आल्या, एक लष्करी आणि एक मुलकी, कारण ते वरच्या कचेरीत आधीच ठरलेलं होतं. मला 'निकामी' शिक्का मारून उतरवलं. दिलावर मला घरी घेऊन गेला. शमशादनं फाटलेल्या जागी जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं आणि म्हणाली, "एकाच पायाची का असंना, पोर माझी हाय." मग दिलावरनं मला वाडीत पोचवलं.

आता मी खळ्याच्या कडेला बांबूवर असते. खिळीला दर अमावास्येला करडईचं तेल मिळतं, त्यासाठी अर्ज लागत नाही. पलीकडच्या पट्टीवर आराखड्यातले चाळीस प्रवासी अजून आलेले नाहीत, त्यांना वीस वर्षं आहेत. येऊ देत बिचारे. त्यांच्यासाठी वारा मी इथूनही सांगेन. तुम्हाला मात्र एक मागणं आहे, वहीत काही लिहिण्याआधी एकदा स्वतःच्या गालाला विचारा. आणि माझ्यासारखं कुणी गप्प लोंबत असेल, तर ते आळशी आहे असं म्हणू नका. थेंबभर तेल घालून बघा.

बरं, आता मला बोलायला सवड नाही. मुक्ताबाई तिवईवर चढलीय, पाटी डोक्याच्या वर, हात भरून आलेत तिचे. ती माझ्याकडे बघतेय. अख्खी रास खाली पडून आहे आणि ती माझ्यावर विसंबून थांबलीय.

थांब गं, घाई नको. अजून नाही... अजून नाही...

हं, आला. मावळतीचाच आहे. ओत, मुक्ते!