सकाळी आलं होतं

फोड डाव्या तळव्यावर होता, अनामिकेच्या बुडाशी—सकाळी फुटला तेव्हा त्यातून पाण्याचा जेमतेम एक थेंब निघाला होता, आणि आता खडू उजव्या हातात असूनही दुखत होतं ते डाव्यातच. फोडावर चिकटवलेल्या पट्टीच्या कडेतून खडूची भुकटी आत शिरत असावी. चिझुरुने फळ्यावर तीन अंकी भागाकार मांडला आणि वर्गाकडे पाठ आहे तेवढ्यात पट्टीचं टोक उचलून पाहिलं. गुलाबी, ओलं. एकोणपन्नासाव्या वर्षी हातावर फोड! तिने पट्टी पुन्हा दाबून बसवली.

दुसरा तास संपायला दहा मिनिटं होती. मग मोठी सुट्टी, आणि तिसरा तास मैदानावर.

मियोरी आज आली होती. खिडकीजवळची तिसरी जागा भरलेली दिसली तेव्हा चिझुरुला सकाळी इतकं हायसं वाटलं होतं की हजेरी घेताना तिने एक नाव गाळलंच. मागच्या आठवड्यात मियोरी दोन दिवस घरी राहिली. आईचा फोन आला होता, सगळे शिक्षकांना म्हणतात तसं सेन्सेई म्हणत—सेन्सेई, पोट दुखतं म्हणते हो, डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. पोटात काही नाही हे चिझुरुला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच... आधी नुसता सोमवार, मग सोमवार-मंगळवार, मग ती आलीच नाही. शाळेत घालायचे तिचे पांढरे बूट दाराजवळच्या खणात तसेच पडून राहिले आणि शाळेचं वर्ष संपताना, मार्चमध्ये, तिची आई येऊन ते पिशवीत घालून घेऊन गेली. कोणी कोणाला काही बोललं नाही. त्या मुलीचं काय झालं होतं हे चिझुरुला आजही माहीत नाही. मियोरीचं काय झालं होतं ते मात्र तिला चांगलंच माहीत होतं, कारण ते तिनेच केलं होतं.

दांडीवरची गिरकी. छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी धरायची, पाय वर फेकायचे, पोट दांडीला चिकटवायचं आणि मागच्या बाजूने गोल फिरून वर यायचं. देशातलं प्रत्येक पोर हे शिकतं आणि ज्याला येत नाही त्याला ते जन्मभर आठवतं. सव्वीस वर्षं चिझुरु मुलांना ही गिरकी शिकवत आली होती, आणि सव्वीस वर्षांत तिने ती एकदाही करून दाखवली नव्हती. तशी गरजच पडत नाही. प्रत्येक वर्गात यंदाच्या कानाएसारखी एखादी असतेच, माकडासारखी चपळ, तिला पुढे बोलवायचं—चला, कानाए आपल्याला नमुना दाखवेल, सगळ्यांनी तिचे पाय बघा—आणि आपण शिट्टी गळ्यात घालून बाजूला उभं राहायचं. सगळेच शिक्षक असं करतात. मुलाला मान मिळतो, असं प्रशिक्षणात सांगतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान... पण कोरडा पाषाण भिजलाय की नाही, हे आजवर कोणी हात लावून पाहिलं नव्हतं.

आणि ज्यांना येत नसे त्यांच्यासाठी तिची एक ठरलेली गोष्ट होती. मलासुद्धा लहानपणी येत नव्हतं बरं का. रोज सराव केला, आणि एके दिवशी आलं! यातला पहिला भाग खरा होता. दुसरा तिने पहिल्याच वर्षी, एका रडणाऱ्या मुलाला गप्प करायला, जोडून दिला होता. मग तो इतक्या वेळा सांगितला की कधीकधी तिला ती संध्याकाळही आठवायची, जी कधी झालीच नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी मियोरी दांडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "सेन्सेई, मला काल बागेत आलं होतं."

काल आलं होतं, घरी येत होतं, मघाशी जमत होतं—मुलं हे म्हणतातच. आणि त्यावर चिझुरु हसते; तिला वाटायचं की प्रेमाने हसते. "अस्सं का? मग आता सगळ्यांना दाखव बघू."

आलं नाही. मुलं खिदळली. चिझुरुने गोष्ट सांगितली, मलासुद्धा लहानपणी वगैरे. मियोरीने कवायतीची लाल-पांढरी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि त्या टोपीखालून म्हणाली, "मग तुम्ही दाखवा ना."

"आज बाईंची कंबर दुखतेय गं."

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि पुढच्या तासाला मियोरी पायरीवर जाऊन बसली, म्हणाली, पोट दुखतंय. शिकली की पोर! गिरकी नाही शिकवता आली, पण हे मात्र एका दमात शिकवलं मी.

तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला नदीकाठच्या बागेतली दांडी. पहिले चार दिवस तर पाय दांडीपर्यंतही पोचले नाहीत. मुलांना सांगते तसा कमरेमागून टॉवेल घेऊन तो दांडीसकट धरून पाहिला, तर टॉवेलच सुटला आणि ती पाठीवर आपटली. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा रोज थांबून बघायचा. "अहो, पायांचं सोडा, कोपरं! कोपरं सरळ करू नका!" नववीतल्या मुलाला बोलावं तसा तो तिच्यावर ओरडायचा, आणि तिला राग यायचा, आणि मग कळायचं की कोपरं सरळच होत होती. आपल्याच शरीराला आपलं म्हणणं ऐकू जात नाही म्हणजे काय, हे तिला पन्नाशीच्या तोंडावर कळत होतं. सव्वीस वर्षं ती मुलांना "जोर लाव, जोर लाव" म्हणत आली होती. जोर लावून काही होत नव्हतं.

आणि आज सकाळी... आभाळ वर होतं, मग गवत वर होतं, मग ती दांडीवर होती, पोटावर ताठ, दोन्ही पाय हवेत. इतकं सोपं? तिने वळून पाहिलं. आज नेमका म्हातारा आला नव्हता.

सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शेजारच्या टेबलावरच्या तरण्या हाबु सेन्सेईंनी विचारलं, "हाताला काय झालं हो?"

"मासा तळताना भाजलं."

"तळव्याला? मासा काय हातावर घेऊन तळलात?"

ती हसली. हेही खोटंच, आणि किती पटकन निघालं तोंडातून.

मैदानावर ऊन होतं, तरी दांडी गार लागत होती. मियोरी पायरीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. कानाए सवयीने पुढे आली. चिझुरु म्हणाली, "आज तू नको. आज मी."

तिने शिट्टी काढून ठेवली, पट्टीही काढली, दांडी धरली. कोपरं, कोपरं. पाय मारला. पाय वर गेले, कंबर दांडीपाशी आली... आणि निसटून खाली आली. पुन्हा. या वेळी तर कंबरही वर गेली नाही.

"सेन्सेई, कंबर दुखतेय का?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला.

"सकाळी आलं होतं!" ती म्हणाली. "खरंच आलं होतं!"

आपण काय बोललो ते तिला तोंडातून गेल्यावर ऐकू आलं. आवाजही तोच, थोडा चिरका, मुलांचा असतो तसा. कान तापले. हसू थांबलं नव्हतं, आणि त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, प्रेमळच होतं, अगदी तिच्या स्वतःच्या हसण्यासारखं, आणि ते सहन होत नव्हतं. तिला त्या सगळ्यांना धरून सांगावंसं वाटलं—आभाळ वर होतं, मग गवत वर होतं, हे मी मनानं रचेन का?

पायरीवरून मियोरी उठली. सावकाश चालत आली. "हात," ती म्हणाली.

चिझुरुने हात पुढे केला. मियोरीने तो दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला, फोडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तो अंगठा खरखरीत होता. तिच्या बोटांच्या बुडाशी चार पिवळट घट्टे होते, जुने, वाळलेले. तीन आठवडे दांडीला हात न लावताही ते गेले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी ते नक्कीच ताजे असणार. तेव्हा कोणी पाहिले नाहीत.

"आजचाच आहे," मियोरी वर्गाला म्हणाली. "सकाळी आलं असणार."

हसणं थांबलं. मियोरीने हात सोडला आणि पायरीकडे वळली. दांडीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

लहानपणाची खरी गोष्ट अजून सांगायची राहिली होती. ती चिझुरुच्या जिभेवर आली होती—मला लहानपणी आलंच नव्हतं, त्या दिवशी कंबरही दुखत नव्हती—आणि आता ती सांगणं अधिकच अवघड झालं होतं, कारण आता या मुलीचा आपल्यावर विश्वास होता. सांगावी लागणार. आज, वर्गात जेवणाची ताटं वाढायच्या आधी, सगळ्यांसमोर. पण ओठांवर आलं ते दुसरंच.

"मियोरी, तुला त्या दिवशी... बागेत... कोणी पाहिलं होतं?"

मियोरी थांबली. "नाही."

"किती वेळा आलं होतं?"

मियोरी तिच्याकडे बघत राहिली. यामागे पुन्हा ते हसू येतंय का, हे तपासत. हसू आलं नाही.

"दोनदा."

कानाए दांडीपाशी वाट बघत होती, आता आपली पाळी का म्हणून. चिझुरुने शिट्टी उचलली, पण गळ्यात घातली नाही. तळवा झोंबत होता. दोनदा, तिने मनात म्हणून पाहिलं. म्हणजे माझ्यापेक्षा एकदा जास्त.