सुट्या सुरांची पेटी

अधिक महिन्याच्या अकराव्या दिवशी आमच्या पेटीनं हट्ट धरला. भाता हलवला की मी बोट लावायच्या आधीच एक सूर आपला आपण वाजायला लागायचा, आणि मी गप्प झाले तरी तो गप्प होत नव्हता. समोर निरांजन, देव वाट बघतायत, आणि पेटी जत्रेत हरवलेल्या पोरासारखी एकाच सुरात रडतेय. त्या दिवशी मी त्या सुराला धरूनच कसंबसं भजन म्हटलं. पण उद्याचं काय, ही धाकधूक तेव्हाच सुरू झाली.

माझा नियम तसा साधा होता. धोंड्याचा महिनाभर रोज सकाळी देवापुढे पेटीवर एक भजन म्हणायचं, आणि ते होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. चहासुद्धा नाही. काही मागायचं म्हणून धरलेला नव्हता. यंदा महिना जास्तीचा मिळालाय, तर त्यातला थोडा वेळ ज्याचा त्याला परत द्यावा, एवढंच मनात होतं. टाळी वाजवून भजन तर मी एरवीही म्हणते. पेटी मुद्दाम घातली होती, कारण माझी बोटं अलीकडे फार आळशी झाली होती. आणि एकदा देवाला सांगितलं म्हणजे सांगितलं.

"आई, मोबाइलवर पेटीचं ॲप असतं," निकिता म्हणाली. निकिता माझी सून. "फुकट आहे. काचेवर बोट ठेवायचं, झालं."

"देवाला चालेल गं," मी म्हटलं, "पण मला नाही चालणार."

"मग चला दुकानात. तुमची बीपीची गोळी नाश्त्यानंतरची आहे, हे देवाला माहीत आहे ना?"

तिच्या स्कूटीवर पायांत पेटी धरून आम्ही होळकर पूल ओलांडला आणि रविवार कारंजाजवळच्या पुंजारामभाऊ पिंगळ्यांच्या दुकानात गेलो. खाली वाद्यांचं दुकान, वर त्यांचं घर, जिना दुकानाच्या बाहेरून. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची मुलगी संजना गिटार आणि कीबोर्डचे क्लास घेते. दुकानात भिंतीला ढोलक्या टांगलेल्या, काचेमागे बासऱ्या, आणि सगळीकडे लाकडाचा आणि पॉलिशचा वास. मला देवळानंतर आवडणारा वास तोच.

पुंजारामभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, चार स्क्रू काढले, पट्ट्या उचलल्या आणि आत बघून एकदम थांबले.

"ताई," ते म्हणाले, "यात पुलाव शिजवायचा होता का?"

मी वाकून बघितलं. आत तांदूळ होते. चांगले मूठभर. काही पांढरे, काही कुंकवानं लाल, काहींचं कधीच पीठ झालेलं. शिवाय झेंडूच्या पाकळ्या, आणि एक जिवंत किडा अगदी आपल्या घरात असल्यासारखा फिरत होता.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. दर दसऱ्याला मी पेटीची पूजा करते. हळदकुंकू, फूल, आणि दोन्ही हातांनी पट्ट्यांवर अक्षता. मनापासून, भरपूर. बावीस दसरे झाले, हे मी त्यांना पुटपुटत सांगितलं. त्या अक्षता पट्ट्यांच्या फटीतून कुठे जात असतील, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"दसऱ्यानंतर अशा चार-पाच पेट्या येतातच माझ्याकडे," ते म्हणाले, "पण बावीस वर्षांचं कोठार भरलेल्या तुम्ही पहिल्याच. एक दाणा पट्टीखाली अडकलाय, म्हणून ती मिटत नाही. आतले पितळेचे सूर सगळे काढून घासावे लागतील. भात्याचं कातडंही गेलंय. पंधरा दिवस धरा."

निकिता तोंडाला ओढणी लावून हसत होती. मला मात्र हसू येईना. पंधरा दिवस म्हणजे महिना जवळजवळ संपलाच. भाड्यानं एखादी पेटी मिळेल का, म्हणून विचारलं.

"धोंड्याच्या महिन्यात? सगळ्या सप्त्यांना गेल्यात, ताई. पार पिंपळगावपर्यंत. विकायच्या आहेत, पण त्या मी बाहेर देत नाही. नव्या पेटीवर पहिलं गाणं गिऱ्हाइकाच्याच घरी व्हायला पाहिजे, हा माझ्या वडिलांपासूनचा शिरस्ता." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण आवाज जरा खाली आणून म्हणाले, "नियम आहे का काही?"

मी सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या खोक्यावरची चादर ओढली. खाली पायपेटी होती. पायांनी भाता दाबायची, टेबलाएवढी. "ही चार माणसांनीही हलत नाही, म्हणून भाड्यानं जात नाही. मी साडेसहाला दुकानातल्या देवाला दिवा लावायला उतरतो. त्या वेळी या. अर्धं शटर उघडं ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले. भिंतीवर सरस्वतीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती. सगळं ठीक, पण माझ्या आवाजाची ओळख तेवढी आमच्या घरातल्या देवाला आणि गॅसवरच्या दुधाला. परक्या माणसासमोर मी कधी गायलेच नव्हते. पुंजारामभाऊ समजून शटरबाहेर जाऊन उभे राहिले. मी पाय मारले. पेटीनं मांजरीची शेपटी पायाखाली आल्यासारखा आवाज काढला.

"काकू, सायकल नाही ती!" जिन्यावरून संजना उतरत होती, तोंडात ब्रश. "शिवणयंत्र चालवलंय ना कधी? तसं."

शिवणयंत्र! अठरा वर्षं मी आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले आहेत. पायांना ते बरोबर आठवलं. टाच, चवडा, टाच, चवडा, आणि काय सांगू, दोन्ही हात मोकळे! जन्मभर एका हातानं भाता ओढत, दुसऱ्यानं सूर शोधत गायलेली बाई मी. त्या सकाळी दहाही बोटं पट्ट्यांवर होती. भजन कधी संपलं कळलंच नाही. वरून संजनाच्या आईनं चहा पाठवला. तो चहा मला अजून आठवतो.

मग रोजचंच झालं. संजनाच्या क्लासला सुट्टीतल्या मुलांची सातची बॅच होती. आठ जणं. ती मुलं वर जाण्याआधी जिन्यावर बसू लागली. एकदा लासलगावकडचे सावळीराम म्हणून एक पागोटेवाले गृहस्थ ढोलकीचं कातडं बदलायला पहिल्या गाडीनं आले आणि शटरबाहेर उकिडवे बसून ऐकू लागले. माझा आवाज लगेच बारीक झाला.

"माय, थांबू नका. लय गोड हाय," ते म्हणाले.

"मी फक्त देवापुढे म्हणते हो," मी कसंबसं म्हटलं.

"मंग आम्ही कुठं मधी बसलोय? आम्ही देवाच्या मागं बसतो." आणि खरंच उठून दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन बसले. तिथून भिंतीवर बोटांनी ठेका धरला. मी हसू दाबत कडवं पुरं केलं. त्या दिवसापासून ऐकणारे किती आहेत हे मोजायचं मी सोडून दिलं.

तेविसाव्या दिवशी मात्र पुंजारामभाऊ फुटपाथवर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते.

"स्प्रिंग तुटली, ताई. मांजर जाईल एवढंच उघडतंय. शटरवाला सातपूरहून बारापर्यंत येतो म्हणाला."

पायपेटी आत. नव्या पेट्या आत. देवही आत.

आम्ही वर जाऊन बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. मी फोन उचलत नाही म्हणून निकिता धावत आली, पर्समधून गोळी आणि डब्यात उपमा घेऊन.

"आई, बारापर्यंत नाही थांबायचं. परवा चक्कर आली होती, विसरलात? एक दिवस. देव काय हजेरी घेतो का?"

ती काळजीनं बोलत होती, मला कळत होतं. डोकं जड झालं होतं हेही खरं. संजनानं कीबोर्ड पुढे सरकवला, एक बटण दाबलं. "काकू, हा पेटीचाच आवाज आहे." मी बोट ठेवलं. आवाज अगदी पेटीचा. चूक काही नव्हती त्यात. पण आत हवा नव्हती. मी हात काढून घेतला.

"मी पेटी म्हणाले होते गं," मी म्हटलं. "आज याला पेटी म्हटलं, तर उद्या आणखी कशालाही म्हणेन. मला माझी सवय माहीत आहे."

क्लास केव्हाच संपला होता, तरी एकही मूल घरी गेलं नव्हतं. मुलं गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक सूर आला. बारीक, स्वच्छ, आणि लगेच थांबला. मग परत आला.

तो मी कुठेही ओळखला असता. काळी पाच. माझी पट्टी. माझा सा.

आत गेले. पुंजारामभाऊ खिडकीशी बसले होते. पुढे पांढऱ्या कापडावर पेटीच्या आतले सूर, पितळेच्या बोटभर पट्ट्या, ओळीनं मांडलेल्या, घासून सोन्यासारख्या. त्यातली एक ओठांना लावून ते हळूच फुंकत होते, मग कानसानं जरासं घासत होते, परत फुंकत होते.

"ही माझीच पेटी ना?"

"तुमचीच. घासायला काल वर आणले होते, सूर झाले सगळे. भात्याचा गोंद मात्र ओला आहे, आज बसवता येणार नाही."

मी त्या कापडाकडे बघत राहिले. मग बाहेर बसलेल्या मुलांकडे बघितलं. आठ. माझ्या भजनाची चाल खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत जाते, बाहेर कुठे जात नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "भाता नसला तर नसू दे. ही आठ आहेत की."

ते आधी माझ्याकडे, मग दारात जमलेल्या मुलांकडे बघत राहिले. मग एवढ्या जोरात हसले की कापडावरचे सूर किणकिणले.

पुढची पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. "तोंडात घालायच्या आधी पुसा तरी!" म्हणून निकितानं पर्समधली सॅनिटायझरची बाटली काढली. पुंजारामभाऊ "फुंकायचं, ओढायचं नाही, आणि दात लावला तर बघा!" असं दर पोराला बजावत होते. मयूर म्हणून एक थोराड मुलगा होता, त्याला खालचा सा दिला, कारण त्याची फुंकर लांब. सगळ्यांत धाकटी आर्वी, तिला मध्यम. "माझा एकदाच येतो," म्हणून ती फुरंगटली. संजना म्हणाली, "पण तोच चुकला तर काकू उपाशी राहतील." झालं, आर्वी एकदम ताठ बसली.

त्यांच्या देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. मी बसले. मुलं मागे अर्धगोलात, संजना समोर उभी राहून ज्याचा सूर त्याच्याकडे बोट दाखवणार. पहिल्या ओळीला प आधी घुसला आणि सगळी खिदळायला लागली. दुसऱ्यांदा ग ला हसू आवरेना, फुंकर नाकातून आली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि फार सावकाश, एकेक अक्षर ठेवत सुरू केलं.

आणि पेटी वाजू लागली. जरा वेडीवाकडी. कुठे फुंकर संपायची, कुठे दोन सूर एकमेकांच्या पायात यायचे. पण माझीच होती ती. प्रत्येक सुरामागे वेगळा श्वास. कोणाचा आंबा खाल्लेला, कोणाचा सर्दीचा. मध्यमाची जागा आली तेव्हा मी नकळत थांबले. आर्वीनं डोळे मोठे करून फुंकलं, बरोबर जागेवर, आणि आनंदानं फुंकतच राहिली. मीही तिथेच राहिले. कोणाला घाई होती?

भजन संपलं. मग पोरांनीच टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठी. मी देवाला नमस्कार केला. निकितानं डोळे पुसत उपम्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी गोळी घेईपर्यंत समोरून हलली नाही.

"आई, आजचा दिवस धरायचा ना मग?"

"धरायचा कशाला? झाला की."

साडेअकराला शटरवाला आला, शटर वर गेलं. पुंजारामभाऊ सूर मोजून परत कापडावर ठेवत होते. "तुमचं नशीब चांगलं, ताई. गोंद संध्याकाळी वाळतोय. उद्या पेटी जोडतो, परवापासून घरी म्हणा, आरामात."

मुलांचे चेहरे उतरले. मयूर हळूच म्हणाला, "काकू, आमची शाळा पुढच्या सोमवारी सुरू होतीय. म्हणजे अजून सात दिवस आहेत."

मी बोटांवर मोजलं. माझा नियम संपायची अमावास्याही त्याच सोमवारी होती.

"भाऊ," मी म्हटलं, "सोमवारपर्यंत जोडू नका."

"अहो, पण तयार झालेली पेटी..."

"तयारच आहे ती," मी म्हटलं. "उद्या साडेसहाला येते. आणि आर्वी, तुझ्यासाठी मध्यमाचं भजन बघून ठेवते. चांगलं सात-आठ वेळा येईल असं."

आर्वी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत ओरडत गेली, घरी सांगायला. पुंजारामभाऊंनी कपाळाला हात लावला. मग मध्यमाची पट्टी उचलून, उद्या पुन्हा ओठाला लागायची म्हणून, तिची कड बोटानं तपासली आणि कानसानं जराशी गोल केली.