कडूबाईची करंगळी आणि झटक्याची पेटी

पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली आठवणार, मित्रांनो. मी ती नव्हे. माझ्यातून सूर निघत नाही, झटका निघतो. सागवानी अंग, पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, आणि दोन वायरींच्या टोकांना ओल्या कापडात गुंडाळायची दोन पितळी बोंडं, एवढाच माझा संसार. आता मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात असते. समोर चिठ्ठी लावली आहे, 'हात लावू नये'. ती मला का टोचते, हे कळायला तुम्हाला कडूबाईची गोष्ट ऐकावी लागेल.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. तिथून आले ती थेट सोलापुरात, याच कॉलेजात, डॉक्टर लिंबाजी सरवद्यांच्या टेबलावर. डॉक्टर मूळचे तेर गावचे. मेंदूचा निरोप नसेतून बोटापर्यंत कसा पोचतो, किती वेगाने पोचतो आणि वाटेत कुठे अडतो, हाच त्यांचा ध्यास होता. बेडकाच्या पायाची नस ते माझ्या बोंडांवर ठेवत. मी हलका झटका दिला की पाय उडायचा. नस दोऱ्याने दाबली की पाय गप्प, दोरा सोडला की काही वेळाने पुन्हा उडायचा. "दाबलेली नस मेलेली नसते," असं त्यांनी वहीत ठळक लिहून ठेवलं होतं. बाकीचे मास्तर त्यांना 'बेडूकमास्तर' म्हणत. डॉक्टर ते मनावर घेत नसत. मी मात्र घ्यायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सुट्टीला तेरला जाताना डॉक्टर मला पत्र्याच्या ट्रंकेत घालून नेत. ट्रंक एस.टी.च्या टपावर, आत मी. काळोख, उकाडा आणि प्रत्येक खड्ड्याला डोक्यावर टोला. कोंडणं म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं, असं मला वाटत होतं. पण माझी कोंडी तेरच्या स्टँडवर संपायची.

त्या खेपेला गावातल्या पुतळाबाई दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"लिंबाजी, माझ्या लेकीला, कडूला, सासरी कोंडलंय बाबा. महारोग झाला म्हणत्यात. आठ महिनं झालं. तू लई शिकलास म्हणं. बघ की जरा."

लहानपणी शाळेतून येताना तहान लागली की याच पुतळाबाई त्यांच्या ओंजळीत वरून, लांबून पाणी ओतायच्या. हे त्यांनी मला एकदा टेबल पुसता पुसता सांगितलं होतं. मग ते उठले आणि ट्रंक उचलली. "चला मावशी," म्हणाले, "बैलगाडी आणलीय ना?"

कडूबाईचं सासर दोन कोसांवर. दुष्काळात तिने सात महिने खडी फोडली होती. बाया जमिनीवर बसायच्या, डावं कोपर दगडावर टेकवून डाव्या हाताने धोंडा धरायच्या आणि उजव्याने हातोडा मारायच्या. पाऊस परतला तेव्हा कडूबाईच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. मग दोन्ही वाकली. गावात निकाल लागायला कोर्ट लागत नाही. त्याच दिवसांत गावात दूध डेअरी निघाली होती. तिचे चेअरमन नानासाहेब म्हणाले, ती बाई घरात आहे तोवर त्या घरचं दूध घेणार नाही. घरात दुभती म्हैस एकच. बायको की डेअरी, असा पेच पडला तेव्हा रामकिसनने, तिच्या नवऱ्याने, बायकोला गोठ्यालगतच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. भाकरी मात्र तो वेळेवर सरकवायचा. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. कोंडलेल्या माणसाला मात्र दोन्ही सारखंच.

डॉक्टर गेले तेव्हा कडूबाई झरोक्याशी बसली होती. झरोक्याला दगडी कठडा, त्यावर तिचं डावं कोपर.

"इथंच बसून असता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसरीकडं कुठं बसू? इथनं लेक दिसती खेळताना."

"दिवसभर?"

"ती आत जाईस्तोवर."

डॉक्टरांनी तिचं कोपर हातात घेतलं. आठ महिन्यांत तिला कुणी शिवलं नव्हतं. ती दचकून मागे सरली. कोपराला जाड घट्टा पडला होता, आणि कठड्याचा दगड तेवढ्याच जागी गुळगुळीत झाला होता. डॉक्टर बराच वेळ कधी कोपराकडे, कधी दगडाकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगावरचे चट्टे शोधले, नस चाचपली, तपासायला कातडीचा नमुना घेतला. चट्टा नव्हता. महारोगात होते तशी नस जाडही नव्हती.

"रामकिसन, अंगणात बाज टाका," ते म्हणाले. "आन् नानासाहेबांना बोलवा."

सगळं गाव जमलं. नानासाहेब फेटा सावरत म्हणाले, "डॉक्टर, आमाला म्हाईत हाय काय झालंय ते. पेटीला काय कळतंय?"

खरं सांगू, त्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती. माझे सेल जुने होते. मी फसले असते तर ती कडी पुन्हा लागली असती, आणि मग कुणी उघडली नसती.

"आधी तुमचाच हात द्या," डॉक्टर म्हणाले. कोपराच्या वर बोंड टेकवलं, मी टर्रर्र केलं आणि नानासाहेबांची बोटं उडाली. कोपराखाली टेकवलं, पुन्हा उडाली. पोरं हसली, नानासाहेब नाही.

मग कडूबाई. कोपराच्या वर बोंड टेकवलं. मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. बोटं हललीच नाहीत. रामकिसनने मान खाली घातली. मग डॉक्टरांनी बोंड कोपराखाली नेलं, आणि कडूबाईची वाकडी करंगळी टणकन उडाली.

कडूबाई करंगळीकडे बघत राहिली. "जित्ती हाय," एवढंच म्हणाली.

"जित्तीच हाय," डॉक्टर म्हणाले. "निरोप कोपरात अडलाय. खडी फोडताना नस दबली. पुढं आपोआप सुटलीही असती. पण तुमी हिला कोंडलंत, आन् लेक बघायला हिनं कोपर परत दगडावर ठेवलं. आजार कोंडल्यानं टिकलाय, नानासाहेब. आन् महारोग असता, तरी त्याला गोळ्या हायेत. कडी हे औषध न्हाय."

रामकिसन उठला. पहारीने त्याने कडी कोयंड्यासकट उचकटून काढली आणि गोठ्यामागे भिरकावली. नानासाहेबांनी मात्र सोलापूरहून कातडीच्या नमुन्याचा, महारोग नसल्याचा निकाल येईपर्यंत दूध घेतलं नाही. आल्यावर घेतलं, पण चूक झाली म्हणाले नाहीत.

निघताना डॉक्टर कडूबाईला सांगत होते, की कोपर कशावर टेकवू नका. ती म्हणाली, "बायांना खडी फोडायचीच हाय, डॉक्टरसाहेब. घागरीखाली डोक्यावर चुंबळ घेतो आमी. मंग कोपराखाली का नगं?" एवढी वर्षं बेडूक तपासून त्यांना जे सुचलं नव्हतं, ते तिला सुचलं होतं.

पुढची सहा वर्षं डॉक्टर मला घेऊन खडीच्या कामांवर फिरले. शेकडो कोपरं तपासली. दिसेल त्या बाईला कापडाची चुंबळ वळून द्यायचे. त्यांचा निबंध लांबच्या देशात छापून आला, त्यात कडूबाईचं नाव होतं. मग विजेवरचं नवं यंत्र आलं. डॉक्टर निवृत्त झाले, मी कपाटात गेले, आणि वर्षभरात डॉक्टरही गेले.

कॉलेजातल्या शोकसभेला कडूबाई आली होती. करंगळी अजून जराशी वाकडीच. तिने माझ्या कपाटावरच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते विचारलं. कुणीतरी वाचून दाखवलं. तिने डावा तळवा काचेवर टेकवला आणि शिपायाला म्हणाली, "हिला भाईर काढा की. हिनं मला काढलंय." शिपाई हसला. त्याला वाटलं, बाई दुःखाच्या भरात बोलते.

मित्रांनो, कुणाला हात लावू नये असं कुणी सांगितलं, तर आधी का ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर कडी काढा. माझ्या तारा अजून शाबूत आहेत. कपाटाची किल्ली शिपायाच्या टेबलाच्या डाव्या खणात असते. येताना तेवढे नवे सेल आणा.