शेवटचा कोण

यामिलाची डिस्क माझ्या हातून पडली. टेबलावरून घसरली, कुणाचा धक्का लागला, असलं काही नाही. एका हातात चहा, एका हातात डिस्क आणि फोन खांद्याने कानाशी दाबलेला. डिस्क लादीवर आपटली. जोडून बघितली तर आतून किरकिर आवाज. खलास.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दोन गॅरेजच्या मधल्या दुकानात मी मोबाइल, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. डिस्क आणून दिली होती मॉरिसने. तो वसईचा, दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट बघतो. यामिला त्याच हॉटेलात रिसेप्शनवर. क्युबाची बाई, पस्तिशीतली. दर वर्षी सुट्टीला घरी गेली की हवानात कॅमेरा घेऊन फिरते आणि दहा-दहा मिनिटांच्या फिल्मा बनवते. हिरो नाही, गाणं नाही. फेकायचे लायटर परत भरून देणारा एक माणूस. वीज गेल्यावर जिन्यात बसून डॉमिनो खेळणारे म्हातारे. कोंबडीच्या दुकानासमोरची रांग. अशा सात. पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी एका छोट्या हॉलमध्ये ती त्या दाखवणार होती. डिस्कची पिन सैल झालेली, तेवढी बसवून द्यायची होती. तेवढंही मला जमलं नाही.

मी मॉरिसला फोन लावला.

"सहा फिल्मा तिच्या मेलवर आहेत," तो म्हणाला. "कुठे कुठे पाठवलेल्या. रांगेची नाही. ती तिने अजून कुणाला दाखवलीच नव्हती."

"परत काढता नाही यायची?"

"कुठून काढेल? ती बिल्डिंग पडली मॅन, गेल्या वर्षी. कोंबडीचं दुकान तिच्याच खाली होतं. माणसं कुठली कुठे गेली."

मॉरिसला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. हीच डिस्क मार्चमध्ये माझ्याकडे केबलसाठी आली होती. तेव्हा मी तिच्यातलं सगळं उतरवून घेतलं होतं. न विचारता. मी सगळ्यांचंच घेत असे. जबल अलीच्या एका लेबर कॅम्पातला दगडू अधूनमधून यायचा आणि नवीन पिक्चर असतील ते मेमरी कार्डात भरून न्यायचा. कॅम्पातलं वायफाय मेलेलं, नेटचे पैसे परवडत नाहीत. बारा तास लोखंड उचलून आलेल्या माणसाने रात्री बघायचं काय, भिंत? कार्डामागे पाच दिरहॅम, म्हणजे सव्वाशे रुपये धरा, तो मला द्यायचा. माणसांची सोय म्हणा, धंदा म्हणा. चोरीच होती ती. आणि इथे असल्या चोरीला जेल आहे, जेलनंतर विमान.

दुकानातली कॉपी मी जागा संपली म्हणून कधीच उडवली होती. फिल्म उरली असलीच तर कॅम्पात. आणि सापडली तर कुठून आली ते सांगावं लागणार. गप्प बसलो तर माझा व्हिसा शाबूत, फिल्म मेली.

रात्रभर घोळवून सकाळी मी मॉरिसला खरं सांगितलं.

"तुला अक्कल आहे का रे बाबाजी? माझ्या लग्नाचा व्हिडिओ पण नेलास का कॅम्पात?"

"तो कोण बघणार?" मी म्हणालो. त्याने फोन ठेवला.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर यामिला.

"हिला काय सांगितलंस?" मी मराठीत विचारलं.

"डिस्क गेली, एक कॉपी असू शकते. चोर कोण ते तुझं तू सांग. मी नाही सांगणार."

शारजापासून जबल अलीपर्यंत तास-सव्वा तास. यामिला एकदाच, मागे न वळता, तोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरी गली है उसमें." मी खिडकीबाहेर गोदामं मोजत बसलो.

कॅम्पाच्या गेटमधून बाईला आत सोडणं शक्यच नव्हतं. मी दगडूचा भाऊ म्हणून वहीत सही केली आणि आत गेलो. दगडू खोलीत बनियनवर दाढी करत होता.

"या मोबाइलचे डॉक्टर. आज घरी व्हिजिट?"

मी फिल्मचं विचारलं. त्याने साबणाच्या तोंडाने माझ्याकडे बघितलं.

"ती क्युबाची? कधीच डिलिट केली. मारामारी नाही, नाच नाही. लोक माझ्या अंगावर आले, पैसे परत दे म्हणून."

"कुणाकडे उरली असेल?"

"नऊशे माणसं आहेत इथं. विचार एकेकाला. जेवायला थांबतोस का?"

मी बाहेर आलो. नऊशे माणसांना खोलीखोलीत जाऊन काय विचारू? कुठली फिल्म, तर ज्यात काहीच होत नाही ती. कॉमन किचनवरून जात होतो. हे किचन मला ओळखीचं होतं. शंभर माणसांना सहा शेगड्या. कंपनीच्या साहेबाच्या एका घरातल्या किचनमध्ये याहून जास्त असतील. सुट्टीच्या दिवशी इथे पातेली घेऊन माणसं एकमेकांना खेटून उभी असायची, आईबहिणीवरून भांडायची. एप्रिलमध्ये एकाच्या हातावर कढईतलं तेल गेलं होतं.

आज रांगच नव्हती. माणसं सावलीत पसरून बसली होती. कुणी कांदा चिरतोय, कुणी घरी बोलतोय, एकजण चक्क आडवा. तेवढ्यात एक पोरगेला बिहारी पातेलं घेऊन आला आणि मोठ्याने म्हणाला, "आखिरी कौन?"

आडव्या माणसाने न उठता हात वर केला. बिहारी त्याच्याकडे एकदा बघून पलीकडे जाऊन बसला. दोन मिनिटांनी एक नांदेडकडचा आला. "शेवटचा कोण?" बिहाऱ्याने हात वर केला.

मार्चमध्ये फाइल चालते का बघायला मी ती फिल्म दोन मिनिटं लावली होती. त्या दोन मिनिटांत हेच होतं. येणारा माणूस ओरडून विचारतो, शेवटचा कोण. एकजण हात वर करतो. मग तुम्ही शेवटचे. उभं राहायची गरज नाही. आपल्या पुढचा माणूस तेवढा लक्षात ठेवायचा आणि जाऊन सावलीत बसायचं.

"हे कुणी सुरू केलं?" मी त्या नांदेडवाल्याला विचारलं.

"रामेश्वरनं. एकशे चौदा नंबर. का, तुम्ही कंपनीकडून आलात?"

एकशे चौदात रामेश्वर कपडे वाळत घालत होता. परांचीचं, म्हणजे स्कॅफोल्डिंगचं काम करणारा, वाशिमचा, उंच, कमी बोलणारा. मी फिल्म म्हणताच त्याने फोन पाठीमागे धरला.

"डिलिट करायला लावताय?"

"नाही रे. जपून ठेवलीस का?"

"ठेवली. किचनात त्या एकाचा हात भाजला ना, त्यानंतर मी किचनच्या दारात उभा राहून एकेकाला दाखवली. भाषेचं कायबी कळत नव्हतं. रांग कळत होती. अजूनबी नवीन बॅच आली की दाखवतो."

फाइल होती. पूर्ण. दगडूने फोनसाठी दाबून लहान केलेली, जरा धुरकट, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत.

रामेश्वरला घेऊन मी गेटबाहेर आलो. यामिला मॉरिसच्या गाडीला टेकून उन्हात उभी होती. रामेश्वरने फोन तिच्या हातात दिला. हवानातल्या कुठल्याशा बाईचा आवाज आला, आणि यामिलाने तोंडावर हात ठेवला. दहा मिनिटं आम्ही तिघे तिच्याकडे न बघता उभे होतो. मॉरिसने मध्येच माझ्या पायावर पाय दिला.

मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, जमेल तसं. मी चोरली. मार्चमध्ये. विकली. तुम्ही पोलिसांत गेलात तर जा.

"आमच्याकडे नेट नव्हतं तेव्हा," ती म्हणाली, "दर आठवड्याला एक माणूस डिस्क घेऊन घरोघरी यायचा. पिक्चर, मालिका, सगळं. सगळं चोरीचं. मी तेच बघून फिल्म शिकले." मग थांबून, "तरी मला विचारायला हवं होतंस."

"हो."

"मी हो म्हटलं असतं, मूर्खा." मूर्खा हे तिने तिच्या भाषेत म्हटलं. मॉरिसने मला अर्थ नंतर सांगितला, तेव्हा नुसता हसला. तिने फिल्म स्वतःच्या फोनवर घेतली, मग मॉरिसच्या, मग माझ्याही. पोलिसांचा विषय परत निघाला नाही.

रामेश्वर अजून उभाच होता. मला म्हणाला, "भाऊ, बाईंना एक विचारा. त्या लाल छत्रीवाल्या म्हातारीचा नंबर यायच्या आधीच फिल्म संपते. तिला कोंबडी मिळाली का? सहा महिने झाले, आमच्या ब्लॉकात यावरून भांडणं आहेत."

मी विचारलं.

"मिळाली," यामिला म्हणाली. "दोन. पिशवी जड होती, तिला उचलेना. म्हणून मी कॅमेरा बंद केला आणि पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले."

मी मराठीत सांगितलं. रामेश्वरने मान डोलावली आणि सगळ्यांना सांगायला लगबगीने आत गेला.